शिंपलाभर पाणी

माणसांनी होड्या बांधायच्या आधीची ही गोष्ट. दर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचा थवा एका बेटावर उतरे आणि तिथली खेकडी, कुर्लीमावशी, प्रत्येकाला शिंपल्यातून झऱ्याचं गोडं पाणी देई. घोटभर पाणी प्यायल्याशिवाय पाहुणा आला, असं बेटावर कुणी धरतच नसे.

त्या वर्षी वादळाने बेट पार झोडपलं. थवा वरच घिरट्या घालत राहिला. म्होरकी भिरी तेवढी चोचीत मासा घेऊन खाली आली, मावशीच्या मोडक्या बिळापाशी तो ठेवून लगेच निघाली.

"पाणी?" मावशीने शिंपला पुढे केला.

"राहू दे गं मावशी. तुमचेच हाल चाललेत, त्यात आमची भर कशाला?"

मावशीचे डोळे भरून आले. "बीळ गेलं, ते मी पुन्हा खणीन. पण तूसुद्धा परक्यासारखी दारातून परत निघालीस, तर वादळाने माझं सगळंच नेलं म्हणायचं."

भिरी ओशाळली. पंख मिटून तिथेच बसली आणि तिने शिंपला एका दमात रिकामा केला.

"मावशी, आणखी आहे का गं?"

"आहे की!" मावशी तुरुतुरु झऱ्याकडे धावली. वादळानंतर ती आज पहिल्यांदाच धावत होती.

भिरीने मान वर करून हाक मारली, "उतरा रे सगळे! मावशीकडे पाणी प्यायचंय."