नवाबसाहेबांचा चिवट कबाब

हैबतनगरच्या नवाबसाहेबांना रेड्याच्या मांसाचे कबाब फार प्रिय. पण एकदा पाहुण्यांसमोर कबाब चावता चावता त्यांची दाढच हलली. लठ्ठ खानसामा हबीबमियाँ दरबारात येऊन उभा राहिला.

"दोष याच्या हाताचा!" जनावरांवर देखरेख करणारा काटकुळा दरोगा गुर्मीत म्हणाला. "मी तर रेडे डोंगरातून काठीनं झोडपत, पळवत आणतो आणि आल्या आल्या कापायला देतो."

"हबीब, उद्यापासून तुझी चूल बंद!" नवाब गरजले.

हबीबनं खिन्नपणे आपल्या पोटाकडे पाहिलं आणि हात जोडले. "हुजूर, जाता जाता एकच सवाल. मी आणि दरोगासाहेब, यांतल्या एकालाच शिजवायचं झालं, तर कोणाला शिजवाल?"

नवाब खो खो हसले. "तुला! दरोगा शिजेस्तोवर जंगलातलं सरपण संपेल."

"माझ्यात दुसरा गुणच नाही, हुजूर. पोटभर खातो, सावलीत लोळतो, कोणाची काठी खात नाही. रेड्यालाही महिनाभर माझ्यासारखं आळशी होऊ द्या."

तसंच झालं. पुढचा कबाब जिभेवर विरघळला आणि हबीबची नोकरी टिकली. फक्त त्यानंतर नवाबसाहेबांना भूक लागली, की हबीब दाराआडूनच सलाम करू लागला.