बापूसाहेबांची पगडी

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या द्वारका कर्णिकला वाटलं होतं, संस्थानच्या कोर्टात आपलं कायद्याचं ज्ञान पारखतील. पारखलं गेलं ते डोक्यावर काय आहे तेवढंच.

गौराबाई सुईणीचा नगरपालिकेच्या निवडणुकीचा अर्ज नगराध्यक्ष बापूसाहेबांनी केवळ ती बाई म्हणून फेटाळला होता. अर्ज भरायची मुदत संपायला दोनच दिवस होते. द्वारका तिच्या बाजूनं बोलायला उठली, तोच बापूसाहेब ताडकन उभे राहिले. ते स्वतःही वकील होते. उकाड्यानं हैराण होऊन त्यांनी पगडी टेबलावर काढून ठेवली होती.

न्यायाधीशांना म्हणाले, “रावसाहेब, पगडीशिवाय वकिलाचं बोलणं हे कोर्ट ऐकत नाही. बसवा या पोरीला खाली!”

वकील मंडळी खो खो हसली.

“नियम मान्य आहे,” द्वारका न्यायाधीशांना म्हणाली. “म्हणजे बापूसाहेबांची हरकतही कोर्टानं ऐकलेली नाही. मग मला अडवलं कोणी?”

बापूसाहेबांचा हात टकलावर गेला. न्यायाधीश हसू दाबत म्हणाले, “बोला, बाई.”

संध्याकाळपर्यंत अर्ज मंजूर झाला. गौराबाई मात्र धास्तावली. “त्या मिशीवाल्यांत मी एकटीच बसू व्हय, ताई?”

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकेनं स्वतःचा अर्ज भरला, तोही बापूसाहेबांच्याच पेठेतून.