मनगटावरचा गोळा

“मग कापूनच टाकू का, बुवा?”

भार्गवने डावं मनगट पुढे केलं. सांध्याच्या वरच्या बाजूला बोराएवढा गोळा आला होता.

नागेशबुवा मठाच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दुखतो?”

“नाही.”

“बोटं वळतात?”

“वळतात.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“सांध्यातलंच घट्ट पाणी साठलंय म्हणाले. काळजीचं काही नाही. कधी आपोआप जिरतो, कधी तसाच राहतो. दुखायला लागला, हाताला मुंग्या आल्या, तर या म्हणाले.” भार्गवचा आवाज चढला. “त्यांना काय जातंय सांगायला! त्यांना थोडाच पखवाज वाजवायचाय? मावशी म्हणते, वर जाड पोथी आपटली की फुटतो.”

“पोथी वाचायची असते.”

...

संध्याकाळी मठाच्या उत्सवात बुवांच्या जागेवर भार्गव पहिल्यांदाच पखवाजाला बसणार होता. ही जागा आपलीच, असं तो गावभर सांगत सुटला होता. आता मात्र तो खरोखर घाबरला होता. सकाळपासून अंगठ्याने गोळा दाबून बघत होता, आणि गोळा होता तिथेच होता.

“वाजवून दाखव,” बुवा म्हणाले.

भार्गवने पखवाज पुढे ओढला, पुन्हा एकदा मनगट चाचपलं आणि हात टाकला. उजवा हात खणखणीत बोलला. डाव्या हाताखाली मात्र रिकाम्या डब्यासारखं टपटप वाजलं.

त्याचे डोळे भरून आले.

“बघा... गेला ना माझा हात!”



बुवा उठून आत गेले आणि परातीत मूठभर पीठ भिजवून घेऊन आले. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापल्याशिवाय त्यातून खोल आवाज निघत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी लावायची. शिष्य पहिल्या दिवशी हेच शिकतो. आज भार्गवच्या पखवाजाचं डावं तोंड कोरडं ठणठणीत होतं.

भार्गवची मान खाली गेली.

बुवांनी कणकेचा गोळा मधोमध थापला, बोटांनी कडा नीट बसवल्या आणि हात धोतराला पुसले.

“वाजव.”

भार्गवने हात टाकला. ओसरी घुमली. तो वाजवत राहिला, बुवा पुन्हा सुपारी कातरू लागले.

“भार्गव...”

“काय, बुवा?”

“आता दोन गोळे झाले. ऐकू कुठला येतोय?”