पितळेचं घर

बटणं माणसांपेक्षा जास्त बोलायची, त्या काळातली गोष्ट. यदुनाथ नावाच्या लेखकाच्या कीबोर्डावरचं एंटर बटण आपल्या प्लॅस्टिकच्या घराला विटलं होतं. यदुनाथ ते हलकं घर बगलेत मारून कुठेही टाइप करत बसायचा. बागेत, चहाच्या टपरीवर, अगदी सासुरवाडीलासुद्धा.

"आमच्यावाचून एक ओळ संपत नाही, आणि राहायचं या डबड्यात?" एंटर करवादायचं.

यदुनाथलाही धातूचं घर हवंच होतं. मग रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. यदुनाथने ॲल्युमिनियमला टिचकी मारली. एंटरला ते किरकिरं वाटलं. पोलाद रुक्ष वाटलं. पितळेवर टिचकी पडली मात्र, देवळातल्यासारखा नाद घुमला.

"पण हे मालकांना उचलवेल का?" स्पेसबारने भीत भीत विचारलं.

"उचलायचं कशाला?" एंटर म्हणालं. "खानदानी माणसं उठसूट हिंडत नाहीत!"

पितळ ठरलं. बटणं नव्या घरात गेली. डाग पडू नयेत म्हणून यदुनाथने वर मखमलीचं झाकण घातलं. पाहुणे आले की ते निघायचं आणि सगळे हात मागे बांधून "वा!" म्हणायचे.

एके दुपारी खिडकीखालच्या टपरीवरून ओळखीची टकटक ऐकू आली. जुन्या प्लॅस्टिकच्या घरात स्वस्तातली बटणं बसवून यदुनाथ आपली कादंबरी झरझर पुढे नेत होता.

"ऐकलंत?" स्पेसबार पुटपुटला.

"ऐकलं," मखमलीखालून एंटर म्हणालं. "किती पोकळ आवाज आहे!"