शेवटचा हात

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या काजू कारखान्यात परदेशी खरेदीदार हेंड्रिकसाहेब आले, ते ऑर्डर बंद करायच्या तयारीनेच. त्यांच्या देशात एका गिऱ्हाइकाला पाकिटात टरफलाचा तुकडा सापडला होता. ऑर्डर गेली असती तर काजू सोलणाऱ्या चाळीस बायका घरी बसल्या असत्या. दुभाषी मी होते, आणि साहेब नुसते खाकरले तरी दचकत होते.

साहेबांनी ते पाकीट टेबलावर आपटलं. सोलणाऱ्यांतल्या शेवंतीकाकींनी ते उचलून निरखून पाहिलं.

"सायबांका इचार गो, काजू आफ्रिकेसून येता, आमी फोडतव, सोलतव. मगे पाकिटार नाव त्यांच्याच देशाचा कसा?"

मी दोनदा 'कृपया' जोडून विचारलं. साहेब हसले. "नियमच तसा आहे. भाजणं, मीठ लावणं, पाकीट भरणं आमच्याकडे होतं. शेवटचा हात ज्याचा, माल त्याचा. आधी कोणी काय केलं ते धरत नाहीत."

"बरोबर हा," काकी म्हणाल्या. "मगे ह्या टरफलाक शेवटचो हात कोणाचो लागलो?"

हे मी इंग्रजीत सांगितलं, या वेळी तीनदा 'कृपया' जोडून. साहेबांचं हसू मावळलं.

काकी समजुतीच्या सुरात पुढे म्हणाल्या, "टरफल आमचा म्हणा खुशाल, आमी नाय म्हणूचव नाय. पण मगे पाकिटार आमच्या गावाचा नाव पण घाला."

साहेबांनी काकींच्या हातातलं पाकीट घेऊन आपल्या बॅगेत टाकलं. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "पुढचा माल कधी निघेल?"