बिनआत्याचा कवडू

इथंच उभे राहा, पुढं जाऊ नका. पुढची माती भुसभुशीत आहे, पाय जाईल. ही लांबच लांब मातीची भिंत दिसते ना, तिला आम्ही पाळ म्हणतो. दोन टेकड्यांमधलं पाणी अडवायला आमच्या जुन्या लोकांनी ती घातली. आणि मधोमध हे खिंडार, ज्यातून बैलगाडी आरामात निघून जाईल, ते कितीतरी पिढ्या असंच आहे. आसपासच्या गावांची तळी भरलेली असतात, त्यांत कमळं फुलतात. आमच्या मोहटोल्याच्या तळ्यात गुरं चरतात. नवी माणसं येतात, पावलांनी खिंडार मोजतात आणि मला सांगतात, बाई, हे तर दोन महिन्यांचं काम आहे. मी हो म्हणते. वाद घालायचं माझं वय राहिलं नाही. पण ते तीनदा बुजवलं आणि तिन्ही वेळा वाहून गेलं, एवढं सांगून ठेवते. का, ते विचारलंत म्हणून बसा आता.

फार जुनी गोष्ट आहे. माझं माहेर आणि सासर दोन्ही याच गावात. मला ती माझ्या आजेसासूनं सांगितली, तिला कुणी सांगितली ते तिलाही आठवत नव्हतं.

असं सांगतात की एका काळात या गावात लेकरं जगत नव्हती. पाळण्यात घालायच्या आधीच जायची. मग गावच्या सुईणीनं एक तोड काढली. लेकरू जन्मलं की आईनं ते सुईणीला विकायचं, एका कवडीला. लेकरू आता सुईणीचं झालं, आईचं नाही, असं मरणाला वाटावं आणि त्यानं त्या घरावरून नजर काढावी. तेराव्या दिवशी आईनं तीच कवडी देऊन लेकरू परत घ्यायचं. अशा लेकराचं बारसं करत नसत. गाजावाजा केला तर मरणाला कळेल ना! सुईण दारातूनच ओरडायची, 'घे वो तुहा कवडू!' तेच नाव. त्या चार-पाच वर्षांत मोहटोल्यात जो मुलगा जगला तो कवडू झाला.

जगले ते चौघंच. पण काय निघाले! एक कवडू पुढं गावचा पाटील झाला. न्यायाला बसला की दोन्ही बाजू गप्प होऊन उठायच्या. दुसरा कवडू वैद्य झाला. साप चावलेला माणूस त्याच्या दारात आला आणि आडवा परत गेला, असं झालं नाही म्हणे. तिसरा कवडू पहिलवान, त्यानं कुऱ्हाडीनं बिबट्या मारला होता. दूरदूरच्या बाजारात लोक म्हणायचे, मोहटोल्याचं पाणीच वेगळं, तिथं कवडू पिकतात.

चौथा कवडू तळ्यात जाळं टाकायचा. त्यानं काही मारलं नाही, काही वाचवलं नाही. मासे धरायचा, विकायचा, सांजेला बायकोशी हसत बसायचा. तिचं नाव सरजा. पण कवडू या नावाचा खरा आनंद जर कुणी घेतला असेल तर तो यानंच. परगावच्या बाजारात कुणी विचारलं की हा छाती काढून सांगायचा, 'मी कवडू, मोहटोल्याचा.' लोक चटकन सरकून जागा द्यायचे, पान पुढं करायचे. पाटील की वैद्य, असं विचारायचे तेव्हा हा नुसता हसायचा. खोटं बोलायचा नाही, पण पान मात्र खायचा. सरजा त्याला चिडवायची, 'लोकायच्या नावावर किती दिवस पान खाशीन?' तो म्हणायचा, 'लोकायचं कसं? माह्यंच नाव हाये ते.'

मग पाळ फुटायला लागली. लागोपाठ तीन वर्षं, भरल्या तळ्यानिशी, याच जागी. धान वाहून गेलं. तिसऱ्या वर्षी लोक मोहफुलं उकडून खात होते. गाव पाळमायपुढं जमलं. पाळमाय म्हणजे पाळेवरची आमची देवी. भगताच्या अंगात आलं आणि तो घुमत म्हणाला, 'मले कवडू पायजे. कवडू द्या, मंग मी पाणी धरीन.'

एवढंच बोलून तो कोसळला. कोणता कवडू, ते बोललाच नाही.

आता बघा, इतकी वर्षं ज्या नावावर गाव मिरवत होतं, ते एका सकाळीत जड झालं. पाटलाच्या घरी तीन दिवस कुणी जेवलं नाही. चौथ्या दिवशी पाटलाला वाट सापडली. न्याय करणारा माणूस, त्याला वाट सापडायचीच. तो चावडीवर म्हणाला, आपलं बारसं कधी झालंच नाही. आत्यानं कानात सांगितलं नाही ते नाव कसलं? सुईणीनं रस्त्यावरून मारलेली हाक आहे ती. माझी आत्या जिवंत आहे, तिनं मला नाव दिलं की मी कवडू उरलो नाही. लोकांनी माना डोलावल्या. चुकीचंही नव्हतं. आमच्यात नाव आत्यानंच द्यायचं असतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

पाटलाची आत्या ऐंशीच्या घरातली. तिला गाडीत गादी घालून आणलं. वाड्याच्या आढ्याला दोन लुगड्यांची झोळी बांधली आणि त्यात मिशीवाला पाटील गुडघे पोटाशी घेऊन निजला. बायकांनी पाळणा म्हटला. आत्यानं वाकून कानात कुर्रर्र केलं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. नाव ठेवलं हरिश्चंद्र. हसू नका. तेव्हाही कुणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वैद्य झोळीत निजला आणि वसंता होऊन उठला. पहिलवानाची सख्खी आत्या वारली होती, त्यानं बापाची चुलतबहीण शोधून आणली. झोळी त्याच्या वजनानं फाटली, तर जमिनीवर चटई टाकून त्याला शिवराम केलं. म्हणजे तीन दिवसांत गावात कवडू उरला एकच, आणि त्याला आत्या नव्हती.

त्याचा बाप लहानपणी एकटाच नदीकाठानं चालत या गावात आला होता. त्याचं गाव कोणतं, त्याच्यामागं कुणी आहे का, काही ठाऊक नव्हतं. बापाला बहीणच नाही तर लेकाला आत्या कुठून येणार? मग हा दारोदार निघाला. प्रत्येक दारात हात जोडून म्हणायचा, 'बाई, मले मानलेली आत्या व्हा. येक नाव सांगा कानात. धोंड्या म्हणा, कचऱ्या म्हणा, कायबी चालते.' एकीनं सांगितलं, माझं लेकरू आजारी आहे. एकीनं दार लावून घेतलं. एकजण म्हणे रडली, पण नाव दिलं नाही. का, ते उघड आहे. याला दुसरं नाव मिळालं की गावात कवडूच उरत नव्हता, आणि मग पाळमायला काय देणार? मी त्या बायांना शिव्या देत नाही. त्यांच्या घरात उपाशी पोरं होती. मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे आणि उत्तर मला आवडलेलं नाही.

शेवटी तो त्या सुईणीकडं गेला. ती अजून जिवंत होती, डोळे गेले होते. त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, 'तूच हाक मारली होती, तूच बदलव.' तिनं त्याचा चेहरा चाचपला. म्हणाली, 'तुले इकत घेतलं तवा मी तुही माय झाली होती, बापू. माय नाव ठेवत नाई. मले आत्या होता येत नाई.' ती एकटीच अशी होती की तिच्या मनात द्यायचं होतं, असं सांगतात. त्यानं काय झालं म्हणा.

सरजा म्हणाली, पळून जाऊ. दोघं निघालेही. पण नदीच्या उतारावर पाटलाची माणसं बसली होती. त्यांनी कवडूला अडवलं नाही, सरजाला अडवलं. तिला पाटलाच्या वाड्यात नेलं, पाटलीणबाईंनी तिला पाट दिला, ताट वाढलं. पाहुणी म्हणून ठेवलं म्हणे! कवडूला निरोप दिला, तुला जायचं तर जा. तो पलीकडच्या तीन गावांत आत्या शोधत हिंडला. गोष्ट त्याच्या आधीच पोचली होती. ज्या बाजारांत त्याला पान मिळायचं तिथं नाव सांगितलं की लोक उठून जायचे. तिसऱ्या दिवशी भरदुपारी तो परत आला, वाड्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, 'तिले सोडा.'

पुढचं मी थोडक्यात सांगते. माझ्या आजेसासूनंही थोडक्यातच सांगितलं होतं.

त्याला या खिंडारात उतरवलं. वर पाळेवर बायका मातीच्या टोपल्या घेऊन रांगेनं उभ्या होत्या, कारण माती बायकाच वाहायच्या. तो खालून एकेकीकडं बघत म्हणाला, 'अजून येळ हाये. येकीनं तरी म्हणा.' सगळ्या आपापल्या टोपलीकडं बघत राहिल्या. तेव्हा सरजा खाली उतरली, त्याच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. ते नाव होतं असं काही लोक म्हणतात. असेलही. पण बायकोनं दिलेलं नाव चालत नाही. तिला हाताला धरून वर घेतलं आणि पहिली टोपली पडली.

त्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. पाळ उभी राहिली. लोकांनी पाळमायला नवं लुगडं नेसवलं, धान लावलं, धान पोटरीला आलं. पोळ्यानंतर अकराव्या दिवशी पाळ फुटली. याच जागी, आधीपेक्षा मोठी. सतरा घरं गेली. कवडूचं हाडही सापडलं नाही, फक्त एक उभा दगड उरला, जो बुजवताना त्याच्या उशाशी ठेवला होता.

गाव भगताकडं धावलं. आमचं चुकलं कुठं? तिला दुसरा कवडू हवा होता का? भगत देवीपुढं बसला, धूप जाळला, पहाटेपासून सांजेपर्यंत बसला. त्याच्या अंगात आलं नाही. त्यानंतर मोहटोल्यात कुणाच्याच अंगात आलं नाही. आम्हाला आजवर कळलेलं नाही की पाळमायनं मागितलं होतं कोणाला, आणि मागितलं तरी होतं का. कुणी म्हणतं भगत उपाशी होता, भुकेनं बरळला. मलाही कधीकधी तसंच वाटतं, आणि तसं वाटलं की दोन-दोन दिवस जेवण जात नाही.

सरजा गाव सोडून गेली नाही. पुढच्या वर्षी पहिलवानाच्या घरी नात झाली. बारशाच्या दिवशी सरजा दारात येऊन उभी राहिली. ना रडली, ना शिव्या दिल्या. आत्या पाळण्याकडं वाकणार एवढ्यात म्हणाली, 'आधी माह्या माणसाले नाव दे. मंग तुह्या भाचीले.' आत्या उठली. तिच्यामागं सगळ्या बायका उठल्या, या खिंडारापर्यंत चालत आल्या. आत्या त्या उभ्या दगडाशी वाकली आणि तिनं त्याला नाव दिलं. एक टोपली माती पडायच्या आत जे द्यायचं होतं, ते एका वर्षानं दिलं. सरजा होती तोवर प्रत्येक बारशाला दारात येत राहिली. ती गेली तरी बायकांची पावलं आपोआप इकडंच वळली.

आजही मोहटोल्यात आत्या आधी या दगडाच्या कानाशी लागते, मग लेकराच्या. कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, बायकांनी पाठीत धपाटे घालायचे, पण हलके, आणि पाळणा म्हणायचा नाही. नाव चांगलं शोधून द्यायचं. आणि त्याला दिलेलं नाव गावात पुन्हा कुणाला ठेवायचं नाही. चांगली चांगली नावं अशी सगळी त्याच्याकडं गेली. आमच्या गावात एक राम सापडणार नाही, एक गोविंद सापडणार नाही. माझ्या भावाचं नाव पावशा, त्याच्या मुलाचं उंबर. झाडं आणि पाखरं उरली आमच्या लेकरांना.

मी चार वेळा आत्या झाले. चार नावं दिली, विचार करकरून दिली. शेवटचं दिलं आनंदराव. तेव्हा मला वाटलं होतं, हे त्याला शोभेल, पान खाणाऱ्या माणसाला. दगडावर हात ठेवून तीनदा हाक मारली. आम्ही सगळ्या थोडा वेळ थांबलो, रीत आहे तशी. मग घरी आलो. दारात पायांवर पाणी घालता घालता भावजयीनं विचारलं, 'वन्सं, कवडूकडं जाऊन आल्या का?'

मी म्हटलं, 'हो, आली.'