भैरवीच्या अलीकडे

"म्हणजे एकही नाही?" चंद्रहासनं विचारलं. "एवढा गठ्ठा पडलाय आबा, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या समेपर्यंत चांगली अशी एकही रेकॉर्ड यात नाही?"

"चांगल्या सगळ्याच आहेत की," आबाजीबुवा म्हणाले. "एका बाजूनं."

"आणि दुसऱ्या बाजूला?"

"दुसऱ्या बाजूला कंपनीचा आग्रह."

चंद्रहास हसला. बुवा हसले नाहीत. ते पानाला चुना लावत होते, आणि त्या कामात त्यांना हसणं मध्ये आलेलं चालत नसे.

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीमागे बुवांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत सतरंजी, दोन तंबोरे, रेकॉर्ड प्लेअर आणि तो गठ्ठा. मागच्या खोलीत चूल-भांडी आणि एक निखाऱ्यांची शेगडी. गॅसवर तापवलेल्या दुधाला चव नसते, असं बुवांचं मत होतं. वय ऐंशीच्या पुढे गेलं तरी मतं जिथल्या तिथे होती.

याच दोन खोल्यांत चंद्रहास शेडबाळे लहानाचा मोठा झाला. गाणं शिकला, झाडलोट केली, मारही खाल्ला. आता पोस्टरवर त्याच्या नावामागे 'पंडित' लागत होतं, अंगावर रेशमी झब्बा होता आणि गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरसकट गाडी उभी होती. गुरुपौर्णिमेला तो न चुकता फोन करी. यायचं मात्र दर वर्षी राहून जाई. कामं असतात माणसाला. बुवाही फोनवर म्हणत, "असू दे, असू दे." आणि तो 'असू दे' ऐकला की चंद्रहासला दिवसभर कशात गोडी वाटत नसे.

आज तो आला होता, कारण त्याच्या पिशवीत नवी रेकॉर्ड होती. हौशी मंडळी पुन्हा तबकड्या ऐकायला लागली आहेत, म्हणून कंपनीनं मुद्दाम काढलेली. पेपरात लिहून आलं होतं की ही रेकॉर्ड अथपासून इतिपर्यंत एकसंध आहे, कुठेही सुई उचलावीशी वाटत नाही. चंद्रहासनं ते दोनदा वाचलं, आणि त्याचा विश्वास बसला नाही. बुवा म्हणतील तेव्हा खरं.

"ही ऐका," त्यानं रेकॉर्ड पुढे ठेवली. "तुमच्या गठ्ठ्यात बसते का सांगा. खरं सांगा."

"खोटं कधी सांगितलं?"

"कधीच नाही. तोच तर त्रास आहे."

बुवांनी पान तोंडात टाकलं. "घाई नाही ना?"

"रेकॉर्ड संपली की निघतो. कोल्हापूरला रात्री कार्यक्रम आहे, पण दुपारचं जेवण तिथेच ठेवलंय मंडळींनी. मोठमोठी माणसं आहेत."

बुवांनी पानाचा डबा मिटला.

मग उठले. मागच्या खोलीत गेले. पातेल्याचा आवाज आला आणि चंद्रहासनं तिकडे मान वळवली.

बुवा शेगडीवर दूध ठेवत होते.

आता हे दुधाचं प्रकरण असं. बुवांच्या घरी शिष्याचं गाणं ऐकायची एक रीत होती. आधी मंद निखाऱ्यावर दूध ठेवायचं, मग बुवा ऐकायला बसायचे. गाणं बरंवाईट कसंही असो, बुवा तोंडानं बोलत नसत. दूध वर येण्याच्या सुमाराला ते उठले आणि पातेलं उतरवून आले, तर समजायचं की आज काही खरं नाही. दूध उतू गेलं तरी बुवा जागचे हलले नाहीत, तर त्या दिवशी त्या शिष्याला गल्लीत कुणी धरू शकत नसे. दुधाचं नुकसान व्हायचं खरं, पण शिकवण्याची फीसुद्धा न घेणारे बुवा दुधाचा हिशोब कुठे ठेवणार.

चंद्रहासच्या गाण्यात दूध कधी उतू गेलं नव्हतं. एकदाही नाही. बुवा दर वेळी उठायचे, अगदी वेळेवर. मग त्याच दुधाचा चहा व्हायचा, आणि तो चंद्रहासला कडू लागायचा.

त्यानंतर त्यानं मोठमोठी सभागृहं डोक्यावर घेतली, शाली घेतल्या, विमानं गाठली. पण कुठल्याही घरात दूध तापत असलं की त्याचा जीव अजून खालीवर व्हायचा.

"लाव," बुवा परत येऊन बसले.

चंद्रहासनं रेकॉर्ड चढवली. पहिली बाजू म्हणजे एकच राग होता, दुपारचा, शांतपणे मांडलेला. बुवांनी डोळे मिटले. चंद्रहासला स्वतःचं गाणं ऐकूच येईना. त्याचे कान मागच्या खोलीत होते. पेपरवाल्यांनी वाखाणलेली ती लांब तान आली, गेली, आणि हा बिचारा सायीचा अंदाज घेत बसला होता.

बाजू संपली. बुवा उठले नाहीत.

"उलटव," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या बाजूला तीन गोष्टी होत्या. एक छोटा ख्याल, एक ठुमरी आणि शेवटी भैरवी. भैरवी शेवटीच असायची. आपल्याकडे भैरवी झाली की बैठक संपते. तिच्यानंतर कुणी गात नाही आणि कुणी गा म्हणत नाही. लोक उठतात, पाठीला रग लागली म्हणतात, दाराशी जाऊन चपला शोधतात.

ही भैरवी बुवांनीच दिलेली होती. बाकी सगळं त्यांनी मारूनमुटकून शिकवलं, ही एवढी कुरवाळून शिकवली. चंद्रहासनं रेकॉर्ड करताना तीच सगळ्यात आधी म्हटली होती. तिच्या तोडीचं बाकीचं सगळं व्हावं म्हणून तो महिनोन्महिने झिजला होता.

छोटा ख्याल झाला. ठुमरी सुरू झाली. आणि मागच्या खोलीतून 'चर्र' असा आवाज आला.

मग वास आला. निखाऱ्यावर दूध जळाल्याचा, नाकाला झोंबणारा वास.

चंद्रहासनं बुवांकडे पाहिलं. बुवा हलले नव्हते. डोळे मिटलेले, मान ठुमरीबरोबर एवढीशी डोलत होती. दूध सांडत होतं, खोलीत धूर येत होता, आणि म्हातारा जागचा हलत नव्हता. चंद्रहासचे डोळे भरून आले. धुरानं आले म्हणायला सोय होती, पण धुरानं आले नव्हते.

"आबा, दूध..."

बुवांनी डोळे न उघडता त्याला हात धरून खाली बसवलं. "बस की."

ठुमरी संपली. आता भैरवी.

आणि बुवा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. प्लेअरपाशी गेले आणि भैरवीचा पहिला सूर लागायच्या आत त्यांनी सुई उचलली.

तबकडी नुसतीच फिरत राहिली.

बुवांनी रेकॉर्ड काढली, झब्ब्याच्या टोकानं पुसली आणि पाकिटात घातली.

चंद्रहास रिकाम्या प्लेअरकडे बघत राहिला. पेपरवाले म्हणाले होते की सुई कुठेही उचलावीशी वाटत नाही, आणि ज्यांच्यासाठी जीव ओतला त्यांनी नेमकी भैरवीवरच उचलली. घरी दिलेली, स्वतःच्या हातची भैरवी. तो तिथल्या तिथे पुन्हा शिष्य झाला, तोही मार खाल्लेला.

"भैरवी राहिली, आबा."

"राहू दे."

"बिघडली असेल असं वाटलं?"

"ऐकलीच कुठे?"

"मग शेवटपर्यंत चांगली आहे की नाही, हे कसं कळणार?"

बुवांनी पानाचा डबा पुढे ओढला. "दूध गेलं," ते म्हणाले. "मागं जाऊन शेगडी बघ. पातेलं घास. कोपऱ्यावरून दूध घेऊन ये. पिशवी दाराला आहे."

हे सगळं पंडित चंद्रहास शेडबाळे यांना सांगितलं जात होतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. कोल्हापुरात मोठी माणसं जेवायची थांबली होती. त्याला राग आला, खोटं कशाला बोला. अपमान गिळत तो मागच्या खोलीत गेला.

शेगडीभोवती दूध वाळून करपलं होतं. त्यानं पातेलं उचललं, आणि ते ठेवायला जागा बघताना त्याचं लक्ष ओट्याकडे गेलं.

ओट्यावर दोन ताटं मांडलेली होती. दोन वाट्या, दोन पेले. खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती, लसूण जास्त घातलेली, चंद्रहासला लागायची तशी. बुवांना लसूण चालत नसे. भाताचं आधण चुलीवर होतं, भांडं एकट्या माणसाला लागेल त्याच्या दुप्पट. तांदूळ निवडून बाजूला ठेवले होते. दांडीवर एक सुती धोतर घडी करून टाकलं होतं. झब्बा-पायजमा बदलून दुपारी लवंडायला कुणाला तरी लागेल, असं.

तो येतोय एवढंच त्यानं फोनवर कळवलं होतं. जेवतो म्हणून म्हटलं नव्हतं. बुवांनीही विचारलं नव्हतं.

चंद्रहास पातेलं हातात धरून उभा राहिला...

रेकॉर्ड संपली की निघतो, असं तो म्हणाला होता. आणि रेकॉर्डच्या शेवटी भैरवी होती.

त्यानं फोन काढला आणि ड्रायव्हरला लावला. "तू कुठेतरी जेवून घे. कोल्हापूरला कळव, मी जेवायला नाही, संध्याकाळी थेट कार्यक्रमाला येतो." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही, तब्येत बरी आहे. उलट बरीच बरी आहे."

मग त्यानं अस्तन्या वर सारून पातेलं घासलं. करपलेलं सुटत नव्हतं. राख घेऊन, नखांनी, लहानपणी घासायचा तसं घासलं. झब्ब्यावर शिंतोडे उडाले. पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेला. दूधवाल्यानं ओळखलं नाही, म्हणून बरं वाटलं.

दोघं जेवले. बुवांनी त्याला चटणी दोनदा वाढली.

"लसूण जास्त झाली का?"

"नाही."

"मला काय कळतंय. वासावरूनच घातली."

जेवण झाल्यावर चंद्रहासनं धोतर नेसलं. कमरेला नीट बसेना, पोट सुटलं होतं. बुवांनी ते पाहिलं. मिशीत जे काही चाललं होतं ते हसणंच होतं.

"कार्यक्रमाला उशीर व्हायचा," बुवा भिंतीकडे बघत म्हणाले.

"वेळ आहे."

"मोठी माणसं रुसतील."

"रुसू देत."

तंबोऱ्याच्या गवसणीवरची धूळ बुवांनी बोटानं पुसली, बोट बघितलं, पुन्हा पुसली.

"इतकी वर्षं आलो नाही, आबा," चंद्रहास म्हणाला. "चुकलं माझं."

"असू दे, असू दे."

तोच फोनवरचा 'असू दे'. पण समोरून ऐकताना तो तसा लागला नाही...

"दुसरी बाजू लाव परत," बुवा म्हणाले.

चंद्रहासनं लावली. या वेळी शेगडीवर काही नव्हतं. दूध पातेल्यात झाकून ठेवलेलं होतं. छोटा ख्याल लागला तेव्हा त्यानं तो खरोखर ऐकला. एका जागी घाई झाली होती, ती त्याला आज पहिल्यांदा कळली. बुवांनीही तिथेच एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

ठुमरी सुरू झाली. बाहेर गल्लीत कुणीतरी तंबोऱ्याच्या भोपळ्याला कानस मारत होतं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ही दुपार संपू नये असं चंद्रहासला वाटलं.

ठुमरी शेवटच्या वळणावर आली. बुवांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. उठायला त्यांना वेळ लागायचा.

ते उठायच्या आत चंद्रहास उठला. ठुमरी पूर्ण होऊ दिली. मग भैरवीच्या अलीकडे, तिचा पहिला सूर लागायच्या आत, त्यानं स्वतःच्या हातानं सुई उचलली. आणि परत येऊन बुवांच्या शेजारी मांडी घालून बसला.

बुवांनी पानाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"चंद्या," बुवा म्हणाले, "आत्ता पुरी झाली बघ तुझी रेकॉर्ड."